बटण दाबताच रुसणारी पेटी

जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी फाटकावरचा, जिन्यातला आणि व्हरांड्यातले दोन असे चारही कॅमेरे बंद होते. चार वर्षे ते रात्रंदिवस चालत आले होते. इन्व्हर्टर असल्यामुळे लाइट गेली तरी ते थांबत नसत. मे महिन्यात शाळेत वायरिंगचे काम निघाले, म्हणून मेन स्विच चार दिवस बंद ठेवावा लागला. काम संपल्यावर तो पुन्हा चालू केला. दिवे लागले, पंखे फिरले, पण कॅमेरे काही सुरू झाले नाहीत. चार वर्षे अखंड चाललेली वस्तू चार दिवसांच्या विश्रांतीने बिघडावी, हे कोडे आम्हा विज्ञान शिक्षकांना स्वस्थ बसू देईना.

मोटारसायकलच्या बॅटरीवर जोडून पाहिले तर कॅमेरे ठणठणीत होते. दोष होता तो त्यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या पत्र्याच्या जाळीदार पेटीत. या पेटीला बाजारात ‘एस.एम.पी.एस.’ म्हणतात. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने ती हातात घेऊन सांगितले, “सर, ही उघडत बसू नका. टाकून द्या, नवी लावा.” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आम्ही नवी पेटी आणून कॅमेरे सुरू केले. पण जुनी टाकून दिली नाही. अडगळीच्या खोलीत तशाच आणखी दोन पेट्या निघाल्या. तिन्हींवर खडूने एकच शब्द लिहिलेला होता : ‘बंद’.

तिन्ही पेट्या तपासल्यावर आमच्या ध्यानात आले की हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या आजारांना दिलेला होता. तिन्हींत समान गोष्ट एवढीच, की दगा दिला तो बटण दाबण्याच्या क्षणी. असे का व्हावे, आणि ते कसे शोधावे, हे या लेखात पाहू या. त्यातच एक धोकाही सांगायचा आहे. तो आम्हाला स्वतःला ठाऊक नव्हता.

पेटीत असते काय?

घरच्या पुरवठ्यात प्रत्यावर्ती धारा असते, २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तने. कॅमेऱ्याला हवी असते १२ व्होल्टची दिष्ट धारा. जुन्या बॅटरी एलिमिनेटरमध्ये लोखंडी पट्ट्यांचे जड रोहित्र असे. ते आधी विभवांतर कमी करी, मग डायोड व कपॅसिटर ते सरळ करीत. तीच शक्ती आता नखाएवढ्या हलक्या रोहित्रातून कशी मिळते?

याचे उत्तर एका उदाहरणाने समजेल. हौद भरायचा असेल तर मिनिटाला पाच घागरी ओतता येतील, किंवा मिनिटाला पाच हजार लहान पेले. पाणी तेवढेच, पण पेले वापरायचे तर हात फार भराभर चालला पाहिजे. रोहित्राचेही तसेच आहे. दर आवर्तनात थोडी थोडी ऊर्जा द्यायची आणि आवर्तनांची संख्या वाढवायची, म्हणजे गाभा लहान चालतो. या पेट्यांत ५० ऐवजी सेकंदाला ५० हजार ते एक लाख वेळा धारा चालू-बंद केली जाते. म्हणूनच नावात ‘स्विच’ हा शब्द आहे.

त्यासाठी पेटीत पुढील गोष्टी एकामागून एक जोडलेल्या असतात. आधी फ्यूज. मग एक लहान चकती, थर्मिस्टर. मग चार डायोडांचा पूल, जो प्रत्यावर्ती धारा एकाच दिशेला वळवतो. त्यापुढे अंगठ्याएवढा मोठा कपॅसिटर. यात २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर साठते, म्हणजे २३० × १.४१४ = ३२५ व्होल्ट. त्यापुढे मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच व फेराइटचे छोटे रोहित्र. स्विच किती भराभर आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे ठरवणारा एक आठ पायांचा आय.सी. असतो. त्याला आपण मुकादम म्हणू. रोहित्राच्या पलीकडे पुन्हा डायोड आणि कपॅसिटर, व तेथून १२ व्होल्ट बाहेर. बाहेरचे विभवांतर वाढले की कमी झाले ही बातमी प्रकाशाच्या साहाय्याने मुकादमाकडे परत येते.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. रोहित्राच्या अलीकडचा सर्व भाग थेट मेनशी जोडलेला असतो. तेथे कोठेही बोट लागणे म्हणजे प्लगमध्ये बोट घालण्यासारखेच आहे.

बंद पेटी चालू पेटीहून धोक्याची

तीनपैकी एक पेटी आम्ही उघडली ती प्लग काढून, आणि चांगली पाच मिनिटे थांबून. एवढ्यात सगळे शांत झाले असेल असा आमचा समज होता. एकाने सहज म्हणून मल्टिमीटरच्या सुया मोठ्या कपॅसिटरच्या पायांना लावल्या. आकडा आला २४० व्होल्ट! त्या वेळी दुसऱ्याचा हात बोर्ड उचलायला पुढे झालेला होता. आम्ही तो हात धरून मागे ओढला.

असे का झाले? चालू पेटीचा प्लग काढला तर बाहेर जोडलेले उपकरण साठ्यातली बहुतेक ऊर्जा अर्ध्या सेकंदाच्या आत ओढून घेते. पेटी बिघडलेली असली, की तो साठा ओढायला कोणी उरत नाही. म्हणजे पेटी चालत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज उलटा आहे. ती चालत नाही म्हणूनच तिच्यात ऊर्जा कोंडून राहते.

ही ऊर्जा किती? आमच्या पेटीत कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा होता. ऊर्जा = ½ × धारित्र × विभवांतराचा वर्ग, म्हणजे ½ × ०.०००१ × ३२५ × ३२५ = सुमारे ५.३ ज्यूल. एक किलोचे वजन अर्धा मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ही आहे. आकडा लहान वाटतो, पण ही सारी ऊर्जा क्षणार्धात हातातून गेली तर जीवावर बेतू शकते. शाळेतला गळती-धारेवर तुटणारा स्विच येथे वाचवत नाही, कारण प्लग काढलेला असतो आणि धारा त्या स्विचमधून जातच नाही.

म्हणून आम्ही तेव्हापासून एक क्रम पाळतो. प्लग काढायचा. १० किलोओहमचा, १० वॅटचा रोधक चांगल्या वेष्टनाच्या वायरींना जोडून ठेवलेला आहे. तो कपॅसिटरच्या दोन पायांना दहा सेकंद लावायचा. १० किलोओहम गुणिले १०० मायक्रोफॅरड म्हणजे एक सेकंद. अशा पाच सेकंदांत विभवांतर दोन-तीन व्होल्टांवर येते. त्यानंतरही मीटरने मोजायचे, आणि मगच हात लावायचा. काहीजण पेचकस आडवा टाकून कपॅसिटर रिकामा करतात. त्याने ठिणगी उडते, धातू वितळून उडू शकतो आणि कपॅसिटरही खराब होतो. तसे करू नये. ज्या शिक्षकांना मेनवरच्या कामाचा सराव नाही त्यांनी पेटी उघडूच नये, आणि विद्यार्थ्यांकडून हे काम मुळीच करून घेऊ नये. पुढची पहिली चाचणी मात्र पेटी न उघडता करता येते, आणि निम्मे निदान तिच्यातच होते.

एक बल्ब, तीन उत्तरे

जुने वायरमन ‘सिरीज बोर्ड’ वापरतात. मेनच्या एका वायरीत तारेचा बल्ब घालायचा आणि त्याच्यापुढे सॉकेट. सॉकेटमध्ये जे जोडू त्याची धारा बल्बमधून जाते. आम्ही ६० वॅटचा बल्ब घेतला. पूर्ण पेटल्यावर त्यातून ६० ÷ २३० = ०.२६ अँपिअर धारा जाते. म्हणजे सॉकेटमधली वस्तू साफ शॉर्ट असली, तरी धारा याहून वाढत नाही. फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही.

यासाठी तारेचाच बल्ब हवा. एलईडी दिवा चालणार नाही, कारण बहुतेक एलईडी दिव्यांच्या बुडात स्वतःचीच एक छोटी स्विचिंग पेटी असते. तारेच्या बल्बचा गुण असा की तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो आणि तापली की दहा पटींहून अधिक वाढतो. पेटीने थोडीच धारा मागितली तर बल्ब आड येत नाही. तिने अधाशीपणा केला तर तो तापून वाट अडवतो.

पेटीला बाहेर काहीही न जोडता तिला या बोर्डावर लावले की बल्ब तीनपैकी एक उत्तर देतो.

१. बल्ब क्षणभर चमकतो आणि विझतो. मोठा कपॅसिटर भरला आणि भरल्यावर धारा थांबली, असा याचा अर्थ. फ्यूज, थर्मिस्टर, डायोडांचा पूल व मोठा कपॅसिटर यांतून धारा नीट गेली. पेटी चांगली असेल तर यानंतर तिचा हिरवा दिवा लागतो. तो लागला नाही, तर दोष पुढच्या भागात.

२. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि तसाच राहतो. आत कोठेतरी शॉर्ट आहे.

३. बल्ब मुळीच चमकत नाही. वाट सुरुवातीलाच तुटली आहे : फ्यूज, वायर किंवा थर्मिस्टर.

आमच्या तीन पेट्यांपैकी एकीने तिसरे उत्तर दिले. तिचा फ्यूज गेला होता, आणि नवा घातल्यावर तिने दुसरे उत्तर दिले. उरलेल्या दोघींनी पहिले उत्तर दिले. पण त्यांतली एक त्यानंतर भराभर लुकलुकत राहिली, तर दुसरी गप्पच. आता एकेकीची हकीकत पाहू.

काळा फ्यूज

काचेच्या फ्यूजकडे नुसते पाहूनही पुष्कळ कळते. आतली तार मधेच हळूच तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर धारा मर्यादेपेक्षा थोडीच जास्त होती, किंवा तार वयाने थकली होती. काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल, तर तार क्षणात वाफ होऊन उडाली. धारा प्रचंड होती. या पेटीचा फ्यूज काळा होता. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे निरोप आणणाऱ्याचे तोंड बंद करणे. आम्ही २ अँपिअरचाच नवा फ्यूज घातला, आणि तोही सिरीज बोर्डावर. बल्ब झगझगीत पेटून राहिला.

उघडून, कपॅसिटर रिकामा करून मोजले तेव्हा डायोडांच्या पुलातले शेजारचे दोन डायोड दोन्ही दिशांनी धारा जाऊ देत होते. ते का मेले याचे कारण दोन बोटांवरच दिसले. थर्मिस्टरच्या जागी कोणीतरी तारेचा तुकडा जोडलेला होता. बहुधा चकती तडकली असावी, दुसरी हाताशी नसावी, आणि तार लावल्यावर पेटी चालली. तेव्हा तार तशीच राहिली.

थर्मिस्टरचे काम काय? मोठा कपॅसिटर रिकामा असताना त्याच्यावर विभवांतर शून्य असते. बटण नेमके लहरीच्या शिखरावर असताना दाबले गेले, तर ३२५ व्होल्टांसमोर तो निव्वळ तारेसारखा वागतो. वाटेत फक्त वायरींचा आणि डायोडांचा किरकोळ रोध. अगदी क्षणभरच का होईना, पण धारा शंभर अँपिअरच्या पुढे जाऊ शकते. थर्मिस्टरचा रोध थंड असताना सुमारे १० ओहम असतो. तो मधे असला तर ३२५ ÷ १० = ३२ अँपिअर, याहून धारा वाढत नाही. पेटी चालू लागली की थर्मिस्टर तापतो आणि त्याचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, म्हणजे नंतर तो ऊर्जा वाया घालवत नाही. तारेच्या बल्बच्या हे बरोबर उलट आहे.

थर्मिस्टर काढून टाकला तरी पेटी चालते, यातच फसगत आहे. त्याची गरज चालताना नसते, फक्त सुरू होताना असते. डायोड प्रत्येक वेळी बटण दाबताना एक जोराचा तडाखा सोसत राहिले, आणि एके दिवशी हरले.

यातून रोजच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. लाइट गेली आणि लगेच दोन सेकंदांत परत आली, तर थर्मिस्टर अजून तापलेलाच असतो, पण कपॅसिटर रिकामा झालेला असतो. म्हणजे रक्षक झोपलेला आणि तडाखा मात्र पूर्ण. भारनियमनाच्या किंवा पावसाळी वाऱ्याच्या दिवसांत लाइट लपंडाव खेळू लागली, की संगणकाचे, दूरदर्शन संचाचे बटण बंद करावे, आणि पुरवठा स्थिर झाल्यावर एक-दोन मिनिटांनी चालू करावे. याचे कारण नेमके हेच आहे.

या पेटीत आम्ही नवा पूल आणि नवा थर्मिस्टर बसवला. सिरीज बोर्डावर बल्ब चमकून विझला, हिरवा दिवा लागला.

लुकलुकणारी पेटी आणि विहिरीवरचा पंप

आता कॅमेऱ्यांची मूळ पेटी. हिचा फ्यूज चांगला होता. सिरीज बोर्डावर बल्ब चमकून विझला. मग हिरवा दिवा मंद, भराभर लुकलुकू लागला, आणि कान जवळ नेला की बारीक टिकटिक ऐकू येई. म्हणजे पेटी सुरू होण्याचा प्रयत्न करीत होती आणि दर वेळी हरत होती.

हे समजायला विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे आणावा. पंप सुरू करायचा तर आधी त्यात आणि खालच्या नळीत पाणी भरलेले असावे लागते. एकदा पाणी चढू लागले की तेच पंपाला भरलेला ठेवते. नळीच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पंप थांबल्यावर नळीतले पाणी विहिरीत परत जाऊ देत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असला तरी चालू पंप दिवसभर बिनबोभाट चालतो. गळती कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी : मोटर फिरते, पण पाणी येत नाही.

पेटीतल्या मुकादमाचेही असेच आहे. त्याला स्वतःला काम करायला वीज लागते, आणि ती त्याला मिळते रोहित्राच्या एका लहान वेटोळ्यातून, म्हणजे पेटी चालू झाल्यावरच! मग पेटी प्रथम चालू कशी व्हायची? त्यासाठी दोन भाग असतात. एक मोठ्या रोधाचा रोधक ३२५ व्होल्टांतून थेंब थेंब धारा सोडतो. ती एका लहान कपॅसिटरमध्ये साठते. पुरेसा साठा झाला की मुकादम जागा होतो आणि त्या साठ्यावर स्विच हलवू लागतो. साठा संपण्याच्या आत रोहित्राच्या वेटोळ्यातून वीज आली पाहिजे. आली तर पुढे सगळे आपोआप.

आमच्या पेटीतला मुकादम होता यूसी३८४२ या जातीचा आय.सी. तो १६ व्होल्टला जागा होतो आणि १० व्होल्टच्या खाली गेला की झोपतो. थोडे गणित करू. लहान कपॅसिटर मुळात ४७ मायक्रोफॅरडचा. १६ वरून १० वर येईपर्यंत त्यात ४७ × ६ = २८२ मायक्रोकूलॉम एवढा विद्युतभार खर्चायला मिळतो. जागा झालेला मुकादम सुमारे १५ मिलिअँपिअर खातो. २८२ ला १५ ने भागले की सुमारे १९ मिलिसेकंद. एवढ्या वेळात पेटी सुरू होऊ शकते.

आम्ही तो कपॅसिटर काढून मोजला. ४७ च्या जागी १० मायक्रोफॅरड उरले होते. आता साठा ६० मायक्रोकूलॉम, वेळ फक्त ४ मिलिसेकंद. वेटोळ्यातून वीज येण्याआधीच १० व्होल्टची रेघ ओलांडली जाते आणि मुकादम झोपतो. मग पुन्हा थेंब थेंब साठवण. थेंबाची धारा अर्धा मिलिअँपिअर धरली, तर ६० मायक्रोकूलॉमना १२० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला आठेक प्रयत्न. आम्ही पाहिलेले लुकलुकणे साधारण तेवढेच होते.

कपॅसिटर काढण्यापूर्वी आम्ही आणखी एक चाचणी केली होती. पेटी बंद ठेवून, जाळीतून हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटे सोडली. लुकलुकणे हळूहळू बदलले आणि पेटी एकदम सुरू झाली! ड्रायर बाजूला केल्यावर, पेटी पूर्ण थंड झाल्यावरही ती चालूच राहिली. बंद करून पुन्हा लावली, तर परत लुकलुक. या कपॅसिटरमध्ये एक पातळ द्रव असतो. तो सुकत जातो तशी साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. उष्णतेने उरलेला द्रव अधिक चांगला वाहक होतो, म्हणून तात्पुरती सुधारणा. एकदा पेटी सुरू झाली की मुकादमाला वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा रसद मिळते. मग साठा लहान असला तरी भागते.

येथे सुरुवातीचे कोडे सुटले. कपॅसिटर चार दिवसांच्या सुट्टीत बिघडलाच नव्हता. तो चार वर्षे हळूहळू सुकत होता. पण चालू पेटीला त्याची फारशी गरज पडत नव्हती, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. गळक्या फूटव्हॉल्व्हची परीक्षा पंप थांबवल्यावरच होते. सुट्टीने बिघाड केला नाही, उघडा पाडला.

चार वर्षे हा काळही अंदाजात बसतो. या जातीच्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, आणि कमी झाले की दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना २००० तास असे आयुष्य असलेला कपॅसिटर ६५ अंशांना किती टिकेल? चार वेळा दुप्पट, म्हणजे १६ × २००० = ३२,००० तास. रात्रंदिवस चालणाऱ्या पेटीसाठी हे होतात सुमारे साडेतीन वर्षे. आमचा कपॅसिटर तापणाऱ्या भागाला अगदी चिकटून बसवलेला होता. एक कप चहाहूनही स्वस्त असा नवा कपॅसिटर आम्ही आणला. व्होल्टेज तेच, १०५ अंशांचा, आणि खुणा पाहून धन-ऋण बाजू जुळवून बसवला. पेटी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

मुकी पेटी

तिसरी पेटी सर्वांत शांत. बल्ब चमकून विझला, त्यानंतर काहीच नाही. लुकलुक नाही, टिकटिक नाही. दुसऱ्या पेटीचे गणित समजल्यावर हिचे निदान सोपे झाले. प्रयत्नच होत नाही, म्हणजे मुकादमापर्यंत पहिला थेंबही पोचत नसावा. थेंब सोडणारे १५० किलोओहमचे दोन रोधक एकापुढे एक होते. त्यांतला एक आतून तुटलेला निघाला. बाहेरून त्यावर डागही नव्हता. हे रोधक दिसायला लहान, पण कायम मोठे विभवांतर सोसत असतात. म्हणून ते तुटणे नवलाचे नाही.

आणि पाच मिनिटांनंतरही २४० व्होल्ट दाखवणारी पेटी हीच होती! प्लग काढल्यावर मोठ्या कपॅसिटरचा साठा हळूहळू रिकामा व्हायचा तो याच रोधकांतून. दोन्ही चांगले असते तर ३०० किलोओहम × १०० मायक्रोफॅरड = ३० सेकंद, या हिशेबाने दोन मिनिटांत विभवांतर सहा व्होल्टांच्या आसपास आले असते. रोधक तुटला, आणि एकाच वेळी पेटी मुकी झाली आणि तिचा साठा कोंडला गेला. म्हणजे जी पेटी सर्वांत निर्जीव दिसत होती, तीच सर्वांत धोक्याची होती. हे आता आम्ही कधी विसरणार नाही.

वर्गात काय करता येईल?

पेटी वर्गात उघडी करून चालवायची नाही. पण त्यामागची तत्त्वे बॅटरीवर निर्धोकपणे दाखवता येतात.

पहिला प्रयोग. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक, एलईडी आणि ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर एका माळेत जोडा. कपॅसिटरच्या धन-ऋण खुणा पाळा. जोडताच एलईडी तेजाने लागतो आणि काही सेकंदांत मंद होत विझतो. ‘बॅटरी तर जोडलेलीच आहे, मग दिवा का विझला?’ असे मुलांना विचारा. सिरीज बोर्डावरच्या बल्बने दिलेले पहिले उत्तर म्हणजे हेच. आता कपॅसिटर लहान घ्या, उदाहरणार्थ ४७० मायक्रोफॅरडचा. चमक किती वेळ टिकते? सुकलेल्या कपॅसिटरची गोष्ट येथे सांगता येईल.

दुसरा प्रयोग. मोटारसायकलच्या दिशादर्शक दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तारेचा बल्ब घ्या. त्यावरील आकड्यांवरून पेटलेल्या तारेचा रोध काढायला सांगा : १२ × १२ ÷ २१ = सुमारे ७ ओहम. मग थंड बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजा. तो एक ओहमच्याही खाली असतो. मीटर योग्य आणि मुलांचे गणितही योग्य, मग फरक का? तारेचे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जातात, याचे कारण मुले स्वतः शोधतील.

तिसरी गोष्ट प्रयोगाची नाही, चर्चेची आहे. ज्यांच्या घरी विहिरीवर पंप आहे अशा मुलांना विचारा : पंप सकाळी पाणी चढवत नाही, पण एकदा चढवला की संध्याकाळपर्यंत चालतो, दोष कोठे असेल? शेतकऱ्याच्या मुलाला हे उत्तर पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या उत्तरावरून त्याला मुकादमापर्यंत नेणे हे आपले काम.

‘बंद’ या एका शब्दावर समाधान मानले असते तर तिन्ही पेट्या भंगारात गेल्या असत्या. ‘कशी बंद?’ असे विचारले तेव्हा प्रत्येकीने वेगळे उत्तर दिले, आणि प्रत्येक उत्तराने अर्धी पेटी निर्दोष ठरवून टाकली. आजार शोधताना आधी काय नीट चालले आहे ते पाहावे. दोष उरलेल्या जागेतच असतो.

आता आम्ही शाळेत एक नवा नियम केला आहे. सदैव चालू राहणारी उपकरणे सहामाहीतून एकदा मुद्दाम बंद करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची आणि पुन्हा चालू करायची. हे करायचे ते कामाच्या दिवशी, सकाळी, दुरुस्तीला माणूस मिळेल अशा वेळी. ज्या पेटीला रुसायचे असेल तिने त्या दिवशी रुसावे. मध्यरात्री लाइट परत आल्यावर नव्हे.